पट्ट्यावर तिचे नाव, सातबाऱ्यावर का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या हंड्यांच्या रांगेचे छायाचित्र ठाण्याच्या वर्तमानपत्रांत हटकून येते. भातसा आणि तानसा मुंबईची तहान भागवतात आणि आसपासचे पाडे टँकरची वाट बघतात, हे आता वाचकांना पाठ झाले आहे. पण त्या रांगेतल्या बाईच्या डोंगरावरच्या जमिनीचा कागद कसा आहे, हे कुणी विचारत नाही. डोंगर उघडा पडण्याशी त्या कागदाचा जवळचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

राबाचेच घ्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचे. एक एकर भाताच्या आवणीला (रोपे उपटून पुन्हा लावण्याला) साधारण चार गुंठ्यांची रोपवाटिका लागते. ती पेरण्याआधी भाजतात. खाली शेण, त्यावर ऐन-किंजळीच्या झाडांची कवळ (पाल्यासकट तोडलेल्या फांद्या), मग पातेरा (वाळका पालापाचोळा), गवत आणि सगळ्यात वर बारीक माती, म्हणजे जाळ भडकत नाही, सावकाश धुमसतो. तणाचे बी मरते, राखेने रोप जोमाने उठते. पद्धत मूर्खपणाची नाही, तिला कारणे आहेत. झाडावर चढून कवळ बहुधा पुरुष तोडतो. भारे डोक्यावरून उतरवणे, पातेरा झाडून गोळा करणे, थर लावणे, माती ओढणे ही कामे बायकांची. कवळ तोडायला हिवाळ्यात सुरुवात होते, भाजणी एप्रिल-मेपर्यंत चालते, आणि याच दिवसांत पाणीही दूरच्या डवऱ्यातून (झऱ्याच्या खड्ड्यातून) आणायचे असते.

याची किंमत डोंगर मोजतो. दरवर्षी छाटलेला ऐन शेंड्याला झुबका उरलेला खांब होतो, त्याला फळ धरत नाही, खाली नवे रोप उगवत नाही. पातेरा उचललेल्या जमिनीवर जूनचा पहिला मार थेट मातीला बसतो. पाणी मुरण्याऐवजी गाळ घेऊन ओढ्याला लागते आणि खालचा झरा लवकर आटतो. मग तीच बाई आणखी लांब जाते.

यावर उपाय कोकणात माहीत असलेला आहे. भात लावणीच्या चारसूत्री पद्धतीत राब भाजावा लागत नाही. गिरणीवरच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात आणि चिखलणीच्या वेळी गिरिपुष्प या हिरवळीच्या खताच्या झाडाचा पाला हेक्टरी तीन टन गाडतात. गिरिपुष्पाच्या मीटरभर फांद्या पावसाच्या तोंडाला बांधावर खोचल्या की लागतात. पहिल्या वर्षी मात्र शेळ्यांपासून जपावे लागते, आणि पाला कापण्याजोगा व्हायला एक-दोन वर्षे जातात. गाडे अडते ते इथे. बांध आपला असेल की नाही याची खात्री नसताना त्यावर झाड कोण लावेल? जिच्या डोक्यावरचा भारा कमी होणार, तिला तर बांधावर काय लावायचे हे ठरवण्याचा अधिकारच कागदाने दिलेला नसतो.

खरे तर कायद्याने तो दिला आहे. 2006च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेली, कसली जाणारी वनजमीन चार हेक्टरपर्यंत मान्य होते. कलम 4(4) सांगते की दावेदार विवाहित असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या संयुक्त नावे नोंदवायचा. दाव्याच्या नमुना 'अ'मध्ये जोडीदाराच्या नावाचा रकाना दुसऱ्याच क्रमांकावर आहे. गळती पुढे लागते.

दाव्यात माहेरचे नाव, आधारवर सासरचे, मतदार यादीत हाक मारायचे. पट्टा, म्हणजे वनहक्काचा मंजूर कागद, हातात आल्यावर तीन कागदांवरच्या तीन बाया एकच आहेत हे सिद्ध करत फिरावे लागते. मोजणीला यंत्र घेऊन माणसे येतात तेव्हा हद्दीवरून चालतो नवरा किंवा दीर. भाताची खाचरे मोजली जातात, पण वरची वरकस (डोंगरउताराची हलकी) पट्टी सुटते. तिथे नाचणी, वरी, खुरासणी आलटून पालटून घेतात आणि मग जमीन काही वर्षे पड ठेवतात. पड वर्षी मोजणी झाली तर ती पट्टी उपग्रहाच्या चित्रातही झुडपी जंगल दिसते. ती कुठवर कसली आहे हे सगळ्यात नीट ठाऊक असते तिला, आणि त्या वेळी ती पाण्याला गेलेली असते. यंत्र सपाट क्षेत्र देते, ती पद्धत सगळीकडे तशीच आहे. पण 30 अंशांच्या उतारावर कागदावरच्या 40 गुंठ्यांत खुरपे मात्र 46 गुंठ्यांवर फिरते.

शेवटची गळती फेरफाराची. पट्टा मिळाला तरी नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात जाते, आणि तिथे पुष्कळदा एकट्या नवऱ्याचे नाव चढते. पीक कर्जाला, नुकसानभरपाईला सातबाराच बघतात. मार्च 2018मध्ये वनजमिनीचे हक्कही मागत नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा ठाण्यावरून मुंबईत गेला. त्यातल्या सोललेल्या तळव्यांमध्ये बायकांचे तळवे किती होते, ते ठाणेकरांनी पाहिले आहे.

नवरा गेल्यावर अडचण वाढते. हिंदू वारसा कायदा त्याच्याच कलम 2(2)मुळे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि रूढीच्या नावाखाली मुलीला बाजूला काढले जाते. 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. हा निकाल पाड्यांवर मराठीत वाचून दाखवला पाहिजे.

जिल्हा प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे. वाटप झालेला प्रत्येक पट्टा आणि त्याचा सातबारा शेजारी ठेवून पत्नीचे नाव ताडून पाहावे आणि राहिले असेल तिथे अर्जाची वाट न पाहता फेरफार धरावा. मोजणीच्या पंचनाम्यावर तिची सही किंवा अंगठा असल्याशिवाय तो पुढे पाठवू नये. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. ही सभा पाड्यावरच, पाणी भरून झाल्यावर, दुपारी घ्यावी. संध्याकाळी घेतली तर रजिस्टर दुसऱ्या दिवशी घरोघर अंगठ्यांसाठी फिरते. हे कुणापासून लपलेले नाही. आणि गिरिपुष्पाच्या फांद्या मे अखेरीस पाड्यावर पोचवाव्यात. जुलैत पोचल्या तर आवणी सोडून त्या लावायला कुणालाही सवड नसते.

आपले,
वनहक्क दाव्यांच्या कामातील काही वाचक, ठाणे (पश्चिम)