डबा तसाच परत यायचा

ताई,

परवा फोनवर तू विचारलंस ना पिल्लू एवढा गप्प का, आणि मी सर्दी झालीये म्हणून टाळलं, तर सर्दीबिर्दी काही नव्हती गं, आई शेजारी बसलेली म्हणून बोलले नाही. आता लिहितेच सगळं.

सप्टेंबरमध्ये तो इथल्या, इंग्लंडमधल्या शाळेत इयर फाइव्हला गेला आणि महिनाभरात डबा तसाच परत यायला लागला. शेंगदाण्याची चटणी इथे चालतच नाही, शाळा नट फ्री, म्हणून मी थालीपीठ नाहीतर मेथीचा पराठा द्यायचे, तर तेही नको, मला चीज सँडविच दे एवढंच. मला वाटलं नखरे. मग एक दिवस डबा रिकामा, मी खूश, आणि दप्तर आवरताना तळाशी टिश्यूत गुंडाळलेला अख्खा पराठा. तेव्हा रडला. एक मुलगा हा जवळ आला की नाक धरतो, बाकीचे हसतात, आणि ग्राउंडवर याला 'पाकी' म्हणतात.

मी काय म्हणाले असेन? आई आपल्याला म्हणायची तेच, लक्ष देऊ नको, आपोआप थांबतील. ह्यांनी तर कहरच केला, म्हणे सांग त्यांना आपण पाकिस्तानी नाही, इंडियन आहोत. लेकरू खरंच तसं सांगून आलं आणि ते अजूनच हसले. ताई, ती शिवी तशी नाहीच, 1960-70 च्या दशकांपासून इथे आपल्यासारख्या दिसणाऱ्या कुणालाही घालतात, मग तो गुजराती का बांगलादेशी कोण बघतंय. माझ्या ऑफिसात एक जण आहे, आईवडील लाहोरचे, ती स्वतः इथेच जन्मलेली, तिला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे माझ्या मुलाला म्हटलं असतं तर चाललं असतं का? काय बोलणार, गप्प बसले.

पण पुढचं सगळं तिनेच शिकवलं. वहीत लिहून ठेव, तारीख, कुठे, कोण, नेमका काय शब्द वापरला, आणि शाळेच्या गेटवर उभ्या उभ्या बोलू नको, ईमेल कर. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना बुलिंग रोखायची पॉलिसी ठेवावीच लागते, 2006 च्या कायद्यात आहे, ती वेबसाइटवर असते. पहिल्या मेलला टीचरचं उत्तर आलं की मुलं मस्करी करतात. दुसऱ्या मेलमध्ये मी त्यांच्याच पॉलिसीतली वाक्यं टाकली आणि हेडटीचरला कॉपी मारली, तिसऱ्या दिवशी बोलावणं! ऐन नोव्हेंबरातला अँटी बुलिंग वीक होता, सगळी पोरं वेगवेगळ्या रंगाचे मोजे घालून, ऑड सॉक्स डे म्हणतात त्याला. हे म्हणाले मोज्यांनी काय होणार. खरंय, पण त्या दिवशी वर्गात चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, 0800 1111, फुकट आणि फोनच्या बिलावर दिसत नाही, तो याने पाठ केलाय. हे ऐकून मला बरं वाटलं की पोटात गोळा आला ते अजून कळत नाहीये.

शिवी बंद झाली. त्या मुलाच्या आईवडिलांना बोलावलं म्हणे. डब्यात मात्र अजून सँडविचच जातंय आणि मी आता आग्रह करत नाही, घरी आला की थालीपीठ हादडतो.

एक सांगू? तो नाक धरायची नक्कल करून दाखवत होता ना, तेव्हा मला आपली कराडची शाळा आठवली. चौथीत माझ्या वर्गात ऊसतोडीच्या टोळीतली एक मुलगी यायची, बीडकडची, फडक्यात बाजरीची भाकरी आणायची. आम्ही सगळ्या नाक धरायचो. मी पण. सीझन संपायच्या आधीच ती यायची बंद झाली आणि कुणी विचारलंही नाही. तिचं नाव आठवतंय का गं तुला? मला काही केल्या आठवत नाहीये.

आईला यातलं काही सांगू नकोस, ती लगेच म्हणेल या परत. आणि पुढच्या पार्सलमध्ये गोडा मसाला जरा जास्त टाक.

तुझी
छोटी