कॉन्टॅक्टरची वायर काढून बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू वैतागलेली होतीस, म्हणून फोनवर वाद घातला नाही. तुमच्या बोर्डावरचा रिले, म्हणजे कॉन्टॅक्टर या मोठ्या स्विचला चालू-बंद करणारा छोटा स्विच, सुटला की बोर्डाचा कंट्रोलर रिसेट होतो आणि तुमच्या टीमने ठरवलंय, फर्मवेअरमध्ये डिले टाकू, अडकलेला कंट्रोलर आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग आहेच. म्हणजे बोर्ड पडणार, आपला आपण उठणार आणि कुणाला पत्ता लागणार नाही! मला हे मुळीच पटलेलं नाही.

आधी एक कर. मेन्स बंद करून रिलेच्या कॉन्टॅक्टवरची कॉन्टॅक्टरची वायर काढ आणि रिले नुसता खटखट वाजू दे. तरीही रिसेट झाला तर दोष कॉइलच्या बाजूला: कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज गिळणारा डायोड तिच्यापासून लांब पडलाय, नाहीतर कॉइलचा आणि कंट्रोलरचा करंट एकाच बारीक ग्राउंड ट्रॅकवरून परततोय. रिसेट थांबला, तर भानगड कॉन्टॅक्टपाशी. कॉन्टॅक्टरची 230 व्होल्टची कॉइल तोडताना तिथे ठिणगी पडते आणि तो नॉइज वायरींतून, हवेतून सगळीकडे शिरतो. त्याला रिलेवरचा डायोड काय करणार? तिथे स्नबरच लागतो, 100 ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एकामागे एक जोडून. तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर लाव, रिलेच्या कॉन्टॅक्टवर नको. कॉन्टॅक्टवर लावलास तर रिले उघडा असतानाही सातेक मिलिअँपिअर वाहत राहतात आणि एखादा छोटा कॉन्टॅक्टर तेवढ्यावरही सुटत नाही. मग सर्व्हिसवाल्यांच्या शिव्या खा.

स्कोपवर सप्लायमध्ये दिसलेल्या त्या स्पाइकवरही, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळीवरही, लगेच विश्वास ठेवू नकोस. प्रोबचं टोक आणि क्लिप, दोन्ही बोर्डाच्या ग्राउंडवर एकाच ठिकाणी टेकव आणि रिले वाजव. तरी स्पाइक दिसला, तर तो सप्लायवरचा नव्हे, क्लिपच्या त्या वीतभर काळ्या वायरने पकडलेला. प्रोबच्या पाकिटात एक छोटी ग्राउंड स्प्रिंग असते, सगळ्या लॅबमध्ये पहिली हरवते ती तीच. शोध. आणि क्लिप चुकूनही 230 च्या बाजूला लावू नकोस, ती अर्थला जोडलेली असते. माहीत आहे तुला, तरी सांगते.

परचेसने 10 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर बदलून 'तोच, फक्त साइझ लहान' आणला, असं तू ओझरतं म्हणालीस. मी तिथेच थबकले होते. डेटाशीटमधला डीसी बायसचा, म्हणजे व्होल्टेज लावल्यावर किती मायक्रोफॅरड उरतात त्याचा, ग्राफ काढ. इतका लहान सिरॅमिक 5 व्होल्टवर निम्म्याहून कमी उरू शकतो, बिलावर मात्र 10 च असतात. जुन्या लॉटचा एखादा बोर्ड असेल तर तो शेजारी ठेवून दोन्ही बघ.

बाबा विचारतायत, रात्री दहापर्यंत लॅबमध्ये बसून ही जेवते काय? पायलट लॉटच्या, म्हणजे चाचणीसाठीच्या पहिल्या खेपेच्या, आठवड्यात सगळे असेच जेवतात, असं मी म्हटलं, ते त्यांना पटलं नाही. डबा लाव बाई.

स्नबरचं सामान एसपी रोडच्या बाजारात मिळेल. कॅपॅसिटरवर एक्स2 (मेन्सवर लावायच्या कॅपॅसिटरचा सेफ्टी वर्ग) आणि 275 व्होल्ट छापलेलं बघूनच घे. आणि वायर काढल्यावर काय झालं ते रात्री कळव, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई