त्या फोटोत दाराची चौकटही वाकलीये

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका हिरॉईनने झटपट वजन उतरवल्याचं पानभर कौतुक छापलंत, सोबत तिचा मोठा फोटो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने तो कापून आरशाच्या कोपऱ्यात लावला. आता ती येता-जाता पोट आत ओढून, श्वास धरून आरशासमोर आडवी उभी राहते, अंगठा आणि करंगळीने मनगट धरून बघते की बोटं टेकतात का, आणि जेवताना ताटात निम्मं टाकून उठते.

मी तो फोटो नीट पाहिला तर त्या बाईची कंबर जिथे आत वळलीये तिथे मागची दाराची चौकटसुद्धा आत वळलीये! मी मुलीला फूटपट्टी लावून दाखवलं. ती म्हणाली, "एडिट केलाय ते मला माहितीये गं, पण छान दिसते ना." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही आणि म्हणूनच हे पत्र.

फिजीच्या एका भागात टीव्ही आला १९९५ साली, तिथे तोवर भरलेलं अंग हेच चांगलं मानायचे. ॲन बेकर नावाच्या अभ्यासक बाईंनी तिथल्या शाळकरी मुलींशी तेव्हा बोलून घेतलं आणि १९९८ ला तशाच दुसऱ्या मुलींना विचारलं, तर वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती आणि तीन वर्षांत शंभरातल्या अकरा निघाल्या. टीव्ही आल्यानंतर!

आणि ज्यांच्याकडे बघून मुली उपाशी राहतात त्या तरी कुठे सुखात असतात. डिझायनरचे सॅम्पल कपडे आधीच बारीक मापाचे शिवलेले असतात, मग मॉडेलनेच त्यात मावायचं, नाही मावली तर दुसरी तयारच असते. २००६ मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस रॅम्पवरून उतरली आणि गेली, २२ वर्षांची होती, त्याच वर्षी ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन ही मॉडेल अ‍ॅनोरेक्सियाने, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याच्या आजाराने गेली, ती २१ची. हे डाएटचं खूळ नाहीये, आजार आहे, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि घरच्यांना कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

लुइसेलच्या मृत्यूनंतर माद्रिदच्या फॅशन वीकने १८ च्या खाली बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) असलेल्या मॉडेल घेणं बंद केलं. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि जाहिरातीत शरीर बारीक किंवा जाड केलेलं असेल तर तसं फोटोवर लिहावं लागतं, नाहीतर दंड ३७,५०० युरो किंवा त्याहूनही जास्त. लिहा तुम्हीही, पण माझ्या मुलीचं उत्तर ऐकल्यावर मला वाटतं नुसतं लिहून भागणार नाही. कौतुक कशाचं करायचं हे तर तुमच्याच हातात आहे ना? कुणी किती किलो उतरवले, बाळंतपणानंतर कोण किती दिवसांत "पहिल्यासारखी" झाली, ही हेडलाइन तुम्हीच देता, वाचकांनी मागितलेली नसते. त्या हिरॉईनने काम काय केलं ते तुमच्या पानात एका ओळीत होतं, मी मोजलं.

मुलीने फोटो अजून काढलेला नाही, मीही ओढून काढला नाही, कारण दुसरा आणेल. तुमच्याकडे पुढचा असा फोटो आला की छापण्याआधी मागची भिंत, दार, खिडकी एकदा बघा आणि वाकलेली दिसली तर तो परत पाठवा.

एक आई, तुमची नेहमीची वाचक