साडेआठचं माप

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, शिडीवरून पाय घसरला हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? फोनवर दोघंही ‘सगळं ठीक’ म्हणत होतात. आई, तू तरी सांगायचंस. नुसतं खरचटलंय म्हणाल्या म्हणून रात्रीच निघाले नाही, पण झोप काही लागली नाही.

आता माझं. मी राजीनामा दिलाय. महिनाअखेरीस पंचवटीत, कायमची. तुम्ही पडलात म्हणून नाही हं बाबा, दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, सांगायचा धीर होत नव्हता. माझ्या शिक्षणापायी काय काय बाजूला पडलं ते मी विसरलेले नाही. आईच्या पाटल्याही नाहीत. म्हणून आधी हिशोब: वर्षभर पुरेल इतकी शिल्लक आहे, आठवड्यातून तीन दिवस घरून करायचं काम मिळालंय, तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता भरून झालाय. दादाशीही बोलले. मला गच्चीवरची खोली चालेल, रंगबिंग काढत बसू नका.

कारण वह्या. दिवाळीत बाबांच्या पावसाच्या वह्यांचे फोटो काढून नेले होते ना, ते आकडे रोज रात्री संगणकावर चढवतेय. १९८६ पासून सकाळी साडेआठचं माप, कोरड्या दिवशी ‘निरंक’. अलीकडच्या वह्यांत निरंकच्या रांगा लांबल्यात आणि मग एकाच ओळीत आठवड्याचा पाऊस. इथल्या पाषाणच्या हवामान संस्थेतले रॉक्सी कोल यांनी २०१७ मध्ये हेच मांडलं: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, ते मग एकदम खाली येतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही ज्या कॉलेजच्या पोरांबरोबर तपोवनातल्या झाडांसाठी उभे राहिलात, त्यांच्याशी बोलले. शाळांच्या गच्च्यांवर पर्जन्यमापक ठेवायचे. प्रत्येकाला दोन मुलं आणि एक आजी किंवा आजोबा. पोरांना नकाशा काढता येतो, पण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की पुढे ते कुठल्या बोळात शिरतं, हे तुमच्या कट्ट्यावरच्या मंडळींनाच ठाऊक. ते लिहून घ्यायला मला घाई आहे. का, ते नाही लिहीत.

आणि आई, २००४ च्या वहीत अकरा दिवस तुझं अक्षर आहे. बाबा दवाखान्यात होते ते अकरा दिवस. डबा करून, दवाखान्यात जायच्या आधी तू माप घेत होतीस, आणि कधी बोलली नाहीस. एका पानावर शाई फुटलीय. मी त्या पानाशी बराच वेळ बसले. लहानपणी छत्री धरून मी बाबांच्या शेजारी उकिडवी बसायचे, काचेच्या नळीतली रेघ कुठली ते ओरडून सांगायचे, चुकले तरी बाबा ‘बरोबर’ म्हणायचे आणि खरा आकडा मागाहून लिहायचे. वहीत दिसलं मला ते.

आता ऐका. शेजारी इमारती उठल्या म्हणून मापक गच्चीवर नेला, ते योग्यच. पण शिडीला बाबांनी हात लावायचा नाही. समोरच्या पोराला सांगितलंय, तो सव्वाआठला येईल. तो नळी खाली आणेल, वाचायची बाबांनी, लिहायचं आईने. बीपीची गोळी त्याआधी, चहाबरोबर नाही. गुडघा सुजला असेल तर एक्स-रे काढा, ‘बघू’ नको. आणि पोरगा एखाद्या दिवशी आलाच नाही तर वहीत ‘माप घेतले नाही’ असं लिहा. माझ्या आकड्यांचं काही बिघडत नाही.

तुमची,
मनू