ठसा मारलेलं नाणं म्हणजे मोडीचं नाणं नव्हे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या चांदीच्या नाण्यांवर लेख आला होता, एरवी चांगला होता, पण त्यात "ठसे ठोकलेली नाणी (म्हणजे व्यापाऱ्यांनी पारखून नंतर खुणा मारलेली) घेऊ नयेत, त्यांना मोडीचाच भाव" असं एक वाक्य होतं ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. चांदी आधीच महाग झालीये, त्यात पेपरमध्ये असं छापून आलं की लोक आजोबांच्या पेटीतलं नाणं उचलून सरळ सराफाकडे मोडीत देणार आणि एकदा वितळलं की संपलं.

चीनमध्ये व्यापाऱ्यांनी ठसे मारलेले डॉलर, म्हणजे मोठी चांदीची नाणी, मी बरीच वर्षं जमवतोय. तिथे चांदी चालायची ती वजनावर आणि कसावर, नाण्यावर काय छापलंय त्याला फारसा अर्थ नव्हता. सरकार पाडायचं ते मधे चौकोनी भोक असलेले तांब्या-पितळेचे पैसे, मशीनवरचे चांदीचे डॉलर दक्षिण चीनमधल्या कॅन्टनच्या टांकसाळीत पाडायला १८८९ साल उजाडलं. तोवर मोठे व्यवहार चांदीच्या लगडींवर नाहीतर परदेशी नाण्यांवर, आधी मेक्सिकोत पाडलेली स्पेनच्या राजाची आठ रियाल किमतीची नाणी, मग १८२१ ला मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर त्यांचे गरुडवाले, १८७३ पासून अमेरिकेचा खास या व्यापारासाठी काढलेला ट्रेड डॉलर. यात खोटी नाणीही भरपूर फिरायची. मग पारखी काय करायचा, नाणं तोलायचा, वाजवून आवाज ऐकायचा, खात्री पटली की आपल्या पेढीचा बारीक पंच हातोडीने मारायचा. चेकच्या मागे सही करावी तसं ते. नाणं फिरत जाईल तसे ठसे वाढायचे, काही नाण्यांवर इतके की राजाचा चेहरा नाहीसा झालाय आणि नाणं वाटीसारखं खोलगट झालंय, शेवटी तुकडे करून वजनावर जायचं.

आणि यात आपल्या मुंबईचाही हात आहे हे लेखात यायलाच हवं होतं. १८९५ पासून इंग्रजांनी चीन आणि मलायाकडच्या व्यापारासाठी स्वतःचा ट्रेड डॉलर काढला, त्यातले बरेचसे फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीत पडले. माझ्याकडे १९०२ चा आहे. उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई, हातात त्रिशूळ, त्याच्या मधल्या टोकावर भिंगाशिवाय दिसणार नाही इतका बारीक 'बी', तो मुंबईचा, मागच्या बाजूला चिनी आणि मलय लिपीत किंमत. ब्रिटानियाच्या शेजारी मोकळ्या जागेत एक चिनी अक्षर ठोकलंय. मुंबईत पाडलेलं नाणं तिकडच्या कुणा पेढीवर गेलं, पास झालं, एवढं सगळं त्या एका अक्षरात आहे, आणि ते नाणं खराब कसं हो म्हणायचं?

अमेरिकेतल्या मोठ्या ग्रेडिंग कंपन्याही, म्हणजे नाणं खरं का आणि किती चांगल्या अवस्थेत हे तपासून दर्जा देणाऱ्या, आता ठसेवाल्या ट्रेड डॉलरला डॅमेज म्हणून परत पाठवत नाहीत, तशी नोंद करून ग्रेड देतात.

आता खोट्याबद्दल, कारण ऑनलाइन अमेरिकन ट्रेड डॉलर म्हणून जे स्वस्तात विकतात त्यातले कितीतरी नकली, ठसेसुद्धा नकली. अमेरिकन डॉलर साधारण २७.२ ग्रॅम भरतो, मुंबईचा २६.९५, झिजलेला थोडा कमी भरेल पण दोन-तीन ग्रॅमचा फरक आला तर नाद सोडा. खरा ठसा हातोडीचा असतो, त्यामुळे कडेची चांदी थोडी वर उचललेली असते आणि पलटून बघितलं तर बरोब्बर त्याच जागी मागचं नक्षीकाम दबून सपाट झालेलं दिसतं. ओतीव नकलेत ठशाच्या कडा मऊ, गोलसर. एकाच विक्रेत्याच्या दोन नाण्यांवर तेच ठसे अगदी त्याच जागी दिसले तर दोन्ही एकाच साच्यातली समजा.

आपल्याकडच्या जुन्या रुपयांचीही हीच गोष्ट. चांदवडी, अंकुशी, सुरती, हाली सिक्का असे किती प्रकार बाजारात होते, सराफ पारखून बट्टा लावायचे म्हणजे किमतीत कपात करायचे, आणि त्या काळच्या बऱ्याच रुपयांवर सराफांच्या टोच्यांच्या खुणा दिसतात, कधी नुसता खड्डा, कधी फूल, कधी चंद्रकोर. लोक ते "भोक पडलेलं" म्हणून बाजूला टाकतात. कृपा करून टाकू नका. आणि चिंच, रांगोळी, टूथपावडर लावून चकचकीत तर अजिबात करू नका, ठशातला जुना काळेपणा हाच त्याचा पुरावा असतो. विकायचंच असेल तर आधी वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नाणी कळणाऱ्या माणसाला दाखवा, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथे विचारा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही हेही परदेशी गिऱ्हाईक शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पुढच्या रविवारी त्याच पानावर त्या वाक्याची दुरुस्ती छापावी ही विनंती, जमलं तर ठसेवाल्या नाण्याचा मोठा फोटो टाकून. फोटो हवा असेल तर माझ्या नाण्याचा पाठवतो.

आपला,
एक नाणेसंग्राहक, डोंबिवली