राजहंसगडाची वाट वाचवायची तर आधी पाणी वळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात बेळगावजवळच्या राजहंसगडावरून उतरताना माझ्या भाच्याचा पाय घसरला आणि घोटा मोडला. गडाखालच्या येळ्ळूर गावच्या पोरांनी त्याला पाठुंगळी घेऊन गाडीरस्त्यापर्यंत पोचवलं. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पुढचा महिनाभर घरी विचारपूस करायला जो येई तो दोनच गोष्टी बोले. पावसात गडावर जायचंच कशाला, ही एक. वरपर्यंत सिमेंटच्या पायऱ्या करून टाकायला हव्यात, ही दुसरी. मला दोन्ही पटल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

भाचा जिथे पडला ती जागा मी कित्येक वर्षं बघत आलोय. पूर्वी तिथे एका माणसापुरती पायवाट होती, दोन्ही बाजूंना गवत. आज तिथे मांडीएवढा खोल चर आहे आणि तळात सुटा मुरूम. हा चर कुणी खणला नाही, आपल्या पायांनी झालाय. मूळ वाट वळण घेऊन जाते, ते वळण चुकवण्यासाठी कुणीतरी सरळ उतरलं, मागून शंभर जण उतरले, गवत गेलं, आणि पहिल्याच मृगात पाण्याला आयता पाट मिळाला. चर पडला की त्यातून चालवत नाही, म्हणून लोक त्याच्या शेजारून उतरतात आणि दुसरा चर सुरू होतो. येळ्ळूरच्या बाजूने बघितलं तर डोंगराच्या अंगावर नखाने ओरखडल्यासारख्या अशा तांबड्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे खाली वाहून गेलेली माती.

या विषयाकडे माझं लक्ष गेलं ते फार लांबच्या एका डोंगरामुळे. २०१४ च्या फेब्रुवारीत मी उत्तराखंडात औलीला सात दिवस स्कीइंग शिकायला गेलो होतो. बेळगावच्या माणसाने बर्फावर घसरायला जाणं घरच्यांना विचित्र वाटलं होतं, पण त्या सात दिवसांत डोंगर कसा बघायचा हे मी शिकलो. पहिल्याच सकाळी प्रशिक्षकाने उतारावर उभं करून विचारलं, ‘इथून चेंडू सोडला तर कुठून घरंगळत जाईल?’ ती रेघ बोटाने दाखवायला लावली. स्कीइंगची सगळी विद्या त्या रेघेभोवती आहे. तिच्यावर सरळ उभं राहिलात की वेग तुमच्या हातात राहत नाही. आडवं वळलात की वेग मोडतो. म्हणून जाणकार माणूस उतारावर सतत या बाजूने त्या बाजूला वळत उतरतो.

पाण्यालाही तीच रेघ लागते. पायवाट चेंडूच्या रेघेवर आली की पावसाळ्यात तिचा ओढा होणारच. ती डोंगराच्या अंगाने आडवी नेली तर पाणी वाट ओलांडून जातं, वाटेवरून धावत नाही. डोंगरवाटा आखणारे एक सोपा हिशोब सांगतात: डोंगराचा जेवढा चढ आहे, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला नसावा, आणि सरासरी दहा फूट चालल्यावर एक फूट चढ पुरे. वाटेची बाहेरची कड आतल्यापेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे पाणी साचत नाही. मध्येमध्ये चार पावलं वाट उतरती करायची, तिथे पाणी बाहेर पडतं. जिथे वळणं टाळता येत नाहीत तिथे आतल्या कोपऱ्यात मोठे धोंडे आणि करवंदीची जाळी, म्हणजे कुणाला सरळ घुसायचा मोह होत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. समतल चर आणि बांध त्याने आयुष्यभर घातलेत.

मी हे गडाखालच्या म्हशी राखणाऱ्या एका आजोबांना सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हस कवा सरळ चढतीय काय सर? आडवी जातीय, म्हणून तर तिला दम लागत नाही की.’ मग त्यांनी मला गुरांची जुनी वाट दाखवली. वरच्या अंगाला अर्धी गवतात बुजलेली, इतकी वर्षं पाऊस खाऊनही तिच्यावर चर नाही. नवी वाट आखायला बाहेरून कुणी यायला नको. त्या वाटेवरचं गवत कापलं आणि चार ठिकाणी दगड लावले तरी निम्मं काम झालं.

सिमेंटच्या पायऱ्यांना माझा विरोध याचसाठी आहे. पायऱ्या सरळ चेंडूच्या रेघेवर चढवल्या जातात. त्यांच्या दोन्ही कडांना पाणी खाली धावतं, माती धुऊन नेतं, आणि काही पावसाळ्यांनी पायऱ्याच अधांतरी लोंबतात. शिवाय गुडघेदुखीची माणसं त्या टाळून बाजूच्या मातीतूनच उतरतात. पाण्याचा निचरा न बघता उतारावर बांधलं की काय होतं हे मी औलीच्या पायथ्याच्या जोशीमठाच्या बातम्यांत वाचलं. जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं ते गाव, तिथे मोठी बांधकामं नकोत आणि पाण्याचा नीट निचरा करा असं १९७६ साली सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले, औलीला नेणारा रोपवे बंद करावा लागला. ज्या गल्लीत मी रोज सकाळी चहा प्यायचो, तिथल्या माणसांचं काय झालं असेल या विचाराने तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आपला गड त्या मानाने लहान आहे, पण पाणी आणि उतार यांचा स्वभाव तोच.

औलीत आणखी एक गोष्ट मनात राहिली. सकाळच्या चहाला सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: आज बर्फ कसं आहे? रात्री गोठलेलं बर्फ सकाळी काचेसारखं कडक, तिथे नवख्याने जायचं नाही. ऊन चढलं की वरचा थर मऊ होतो, तेव्हा उतरायला मजा. दुपारनंतर ते ओलं, जड होतं आणि पाय अडकून गुडघा मुरगळतो. वरून आलेला माणूस खाली थांबलेल्यांना सांगायचा, डाव्या बाजूला दगड उघडे पडलेत, तिकडे जाऊ नका. ओळखदेख नसली तरी.

आपण आपल्या डोंगराबद्दल असं बोलतो का? त्याची अवस्था तर बर्फाइतकीच बदलती आहे. वळिवाच्या पहिल्या सरीनंतर मुरमावरची धूळ साबणासारखी होते. तरण्या-म्हाताऱ्या पावसात दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा मातीपेक्षा दगड जास्त धोक्याचा. हत्तीच्या पावसानंतर गवत कमरेएवढं वाढतं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही आणि साप असतात. मार्गशीर्षापासून सुटे खडे जोंधळ्यासारखे पायाखाली फिरतात, आणि माझ्या अनुभवात जास्त माणसं पडतात ती या कोरड्या दिवसांत, पावसात नव्हे. फाल्गुनात वाळल्या गवताला एक विडी पुरते. हे सगळं गडावर रोज जाणाऱ्यांना ठाऊक आहे. पायथ्याशी एक साधा काळा फळा लावला आणि सकाळी पहिला उतरणाऱ्याने त्यावर खडूने दोन ओळी लिहिल्या, तर रविवारी लेकराबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला त्या कळतील. माझ्या भाच्याला त्या दिवशी कुणी एवढंच सांगितलं असतं की वळणाखालचा दगड शेवाळलाय, तर तो पडला नसता.

वागण्याचंही तसंच. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागण्याचे दहा नियम आहेत. त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो असा की मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही, म्हणून सांभाळायची जबाबदारी मागच्याची. अरुंद किंवा आडोशाच्या जागी थांबायचं नाही, पायी चढणाऱ्याने कडेने जायचं, कुणी पडलं तर मदत करायची, हेही त्यातच आहे. आपल्या गडावर रविवारी पोरं पैज लावून पळत उतरतात, त्यांच्या पायांनी सुटलेले धोंडे खाली चढणाऱ्या बायकांच्या अंगावर येतात. काही जण पायवाटेवर मोटरसायकल घालतात, ओल्या मातीत एका चाकाने पडलेली खाच पुढच्या पावसात नाली होते. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शिवरायांचा पुतळा आहे, आणि त्याच आवारात गाडीचे दरवाजे उघडे टाकून कर्कश गाणी लावली जातात. हे बघून मला वाईट वाटतं, आणि मला वाटतं की पळणाऱ्या त्या पोरांनाही कुणी नीट समजावलं तर कळेल. त्यांच्यातल्याच चौघांनी माझ्या भाच्याला उचललं होतं.

फलकांबद्दल एक सूचना आहे. फलकावरची भाषा हा आपल्या सीमाभागात किती दुखरा विषय आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मराठी असावी असं मला मनापासून वाटतं आणि कन्नड वाचणारा शेजारीही याच वाटेने चढतो. पण खुणेला भाषा लागत नाही. उत्तर अमेरिकेतल्या स्कीच्या उतारांवर हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, पत्त्यातल्या चौकटसारखा काळा हिरा म्हणजे अवघड. जगात कुठलाही माणूस आला तरी त्याला एका दिवसात ते समजतं. आपल्या दगडांवर अशा तीन खुणा रंगवल्या तर वाद कशावरून व्हायचा? गाडीरस्ता हिरवा, गुरांची वाट निळी, आणि चराची सरळ वाट काट्या टाकून बंद.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही आठ-दहा जण पहाटे सहाला येळ्ळूरच्या वेशीत जमणार आहोत. माती तेव्हा ओलसर असते, खणायला सोपी. गडाच्या तटाला आणि वरच्या कुठल्याही जुन्या दगडाला हात लावायचा नाही, आणि वाट ज्यांच्या हद्दीतून जाते त्यांना आधी विचारूनच फावडं मारायचं, असं ठरलंय. पंचायतीकडे अर्ज दिला आहे. येताना कुदळ, फावडं, घमेलं यातलं घरात जे असेल ते आणावं. ते आजोबा म्हशी सोडायच्या आधी तासभर आमच्यासोबत यायला तयार आहेत, वाट तेच दाखवतील.

आपला,
एक वाचक
वडगाव, बेळगाव