खिडकीतलं धुकं आणि अख्ख्या खिडकीचं बिल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या घरबांधणीच्या पुरवणीत डबल काचेच्या खिडक्यांच्या जाहिराती वाढल्या आहेत. ‘ऊन बंद, धूळ बंद, आवाज बंद’ असं त्यांत मोठ्या अक्षरात असतं. मी लातुरात याच खिडक्या बसवतो आणि दुरुस्त करतो. आधी अॅल्युमिनियमचं काम असायचं, आता यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटींचं, जास्त. त्यामुळे जाहिरातींवर माझा राग नाही, माझीही चूल त्यावरच पेटते. पण पाऊस सरला की मला जे फोन येतात त्यात एक वाक्य हमखास असतं : “काचेत धुकं धरलंय, दुकानवाला म्हणतो अख्खी खिडकी बदला.” हे वाक्य खोटं आहे, एवढंच सांगायला हे पत्र.

धुकं म्हणजे काय ते आधी सांगतो. डबल काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये साधारण १२ मिलीमीटरची पोकळी. कडेनं अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी फिरवलेली असते, तिला स्पेसर म्हणतात. तिच्या पोटात ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. पट्टीला ब्यूटाइलचा चिकट लेप, त्यावर पॉलीसल्फाइड किंवा सिलिकॉनचं दुसरं सील. आतली हवा, काही वेळा आर्गॉन वायू, कायमचा कोंडलेला. उन्हाळ्यात ही कोंडलेली हवा फुगते आणि काचा बाहेर ढकलते, थंडीत आकसते आणि काचा आत ओढते. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर, डिसेंबरात पहाटे दहा-बारा. दर वर्षी हा ताण त्या सीलवर येतो. एक दिवस कुठंतरी बारीक फट पडते, बाहेरचा ओलावा आत शिरतो, दाणे त्यांची भूक भागेपर्यंत तो खातात आणि मग काचेच्या आतल्या अंगाला वाफ दिसायला लागते. सुरुवातीला फक्त सकाळी दिसते, दुपारी जाते. पुढं पांढरट डाग कायमचे बसतात.

हे झालं असेल तर चौकट, बिजागऱ्या, हँडल, कशाला हात लावायचं कारण नाही. आतल्या बाजूचं बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, ती काढायची, जुनी जोडकाच बाहेर घ्यायची आणि त्याच मापाची नवी बसवायची. मापात लांबी-रुंदी सगळेच घेतात, जाडी विसरतात. ५ अधिक १२ अधिक ५ म्हणजे २२ मिलीमीटर. तिथं २४ ची काच आणली तर जुनं बीडिंग बसत नाही आणि मग “बघा साहेब, खिडकीच बदलावी लागंल” हे गाणं पुन्हा सुरू होतं. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणून माप दोनदा घ्यावं. आमच्याकडं अशा काचा हैदराबाद नाही तर पुण्याहून येतात, चुकलं तर पंधरवडा गेलाच.

पण खरं सांगू का, धुक्याच्या निम्म्याहून जास्त तक्रारींत सील शाबूत असतं. औसा रोडवर एका निवृत्त गुरुजींकडं गेलो होतो. तिन्ही खिडक्या गेल्या म्हणून त्यांना चांगलं जाडजूड कोटेशन मिळालेलं. काचेवर पांढरे ठिपके होते खरे. बाहेरून व्हिनेगरमध्ये पाणी घालून फडकं फिरवलं, ठिपके निघाले. बोअरच्या पाण्याचा क्षार होता तो. गुरुजी रोज सकाळी पाइपनं बाग भिजवताना खिडक्याही धुवायचे. लातूरकरांना बोअरचं पाणी काय चीज आहे हे नळाच्या तोट्या सांगतातच, काचेनं सांगितलं तर नवल वाटायला नको. तर फोन करण्याआधी बोट फिरवा. आतून पुसलं की जातं, तर ती घरातली वाफ आहे : स्वयंपाकघर, मोरी, खोलीत वाळत घातलेले कपडे. एक्झॉस्ट लावा, सकाळी खिडकी उघडी टाका. बाहेरून पुसलं की जातं, तर ते दव आहे किंवा क्षार. दोन्हीकडून पुसूनही हलत नाही तेच मधलं.

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो. काचेला बारीक भोकं पाडून आतला ओलावा सुकवायचा आणि भोकं बुजवायची. साध्या काचेला ते करता येतं, पण आतले दाणे संपलेलेच असतात, म्हणून धुकं परत येतं. टफन्ड काचेला ड्रिल लावलं तर तिचा तांदूळ होऊन जमिनीवर पडतो. काच टफन्ड आहे का ते कोपऱ्यातल्या न पुसल्या जाणाऱ्या शिक्क्यावरून कळतं.

आता सील वेळेआधी का जातं, ते. माझ्या पाहण्यात सगळ्यात मोठं कारण कारखान्यातलं नसतं, खालच्या ट्रॅकमधलं असतं. खिडकीत पाणी येणारच, ते थांबवता येत नाही. म्हणून चौकटीच्या तळाला बारीक लांबट भोकं ठेवलेली असतात, पाणी तिथून बाहेर जावं म्हणून. घर बांधताना या भोकांत काय काय जातं विचारू नका : गिलाव्याचा माल, पुट्टी, रंगाऱ्याची चिकटपट्टी. मग वर्षभर काळ्या मातीची धूळ, ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की तिचा भुसा. जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत साठतं आणि काचेचा खालचा काठ दिवसेंदिवस पाण्यात उभा राहतो. कोणतंही सील हे सोसत नाही. मृग लागायच्या आधी खिडकी उघडून ट्रॅक ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं साफ करा, तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर जाऊन बघा. पाणी बाहेर पडायला हवं. पडलं नाही तर भोकात प्लास्टिकची काडी घाला, खिळा नको.

काच कधीच थेट चौकटीच्या तळावर टेकवायची नसते. खाली प्लास्टिकचे पॅकर लागतात, म्हणजे पाणी तिच्या खालून निघून जातं. आमचे काही गडी घाईत पॅकर घालत नाहीत, किंवा घालतात ते नेमके भोकाच्या तोंडावर. बाहेरच्या कडप्प्याला ढाळ आतल्या बाजूला दिला असेल तर मात्र आम्ही काय करणार, तो गवंड्याचा प्रताप.

सिलिकॉनचंही असंच. नळीतून काढताना व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं ते स्वस्त सिलिकॉन जोडकाचेच्या काठाला लावू नये, तो आम्लाचा वास सीललाच मारक असतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागावं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, फरक किमतीत. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून फिटर सांगत नाही.

खिडकी घट्ट होणं, लॉक न बसणं ही उन्हाळ्यातली तक्रार. यूपीव्हीसी उन्हानं वाढतं. दीड मीटरची चौकट सकाळ-दुपारच्या फरकात दोन-तीन मिलीमीटर सहज वाढते, गडद रंगाची जास्त. म्हणून भिंत आणि चौकट यांच्या मध्ये फोमची फट ठेवतात. गवंड्यानं ती सिमेंटनं गच्च भरली की चौकटीला वाढायला जागा राहत नाही, ती वाकते. अशा वेळी रंधा मारायला जाऊ नका. सरकत्या खिडकीच्या पल्ल्याच्या कडेला तळाशी एक स्क्रू असतो, तो फिरवला की चाक वर-खाली होतं आणि पल्ला सरळ येतो. हँडल लोंबायला लागलं तर त्याचं झाकण आडवं फिरवा, खाली दोन स्क्रू दिसतील, आवळा. ट्रॅकमध्ये खोबरेल किंवा मशिनचं तेल घालू नका. तेलावर धूळ बसून काळी लापशी होते. सिलिकॉन स्प्रे मिळतो, तो मारा. आणि बाई-दादा, चौकटीवरचं निळं-पांढरं प्लास्टिक वेळेत काढा हो! नव्या गाडीच्या सीटवरचं कव्हर जपावं तसं लोक ते वर्षभर ठेवतात, मग उन्हानं ते असं भाजून चिकटतं की नखं तुटतात पण निघत नाही.

धूळ आणि आवाज यांच्याबद्दल जाहिराती निम्मं सांगतात. काच कितीही चांगली असो, धूळ आणि आवाज फटीतून येतो. उदबत्ती पेटवून कडेनं फिरवा, धूर जिथं हलतो तिथं गळती. नाही तर आपल्याच पेपरची एक पट्टी पल्ला आणि चौकटीच्या मध्ये धरून खिडकी बंद करा आणि ओढा. अलगद निघाली तर रबर गेलंय. रबर बदलणं हे किरकोळ काम आहे. सरकत्या खिडकीत रबराऐवजी केसाळ ब्रश असतो, तो उघडझाप करून झिजतो आणि मुळात हवा पूर्ण अडवत नाही. ट्यूशन एरियात लेकराच्या नीट परीक्षेच्या अभ्यासासाठी पालक आवाज बंद करणारी खिडकी मागतात आणि जागा वाचते म्हणून सरकती घेतात. वरातीचा डीजे मग आत येणारच. आवाजासाठी बिजागरीवर उघडणारी, रबर दाबून बसणारी खिडकी घ्यावी आणि दोन काचांची जाडी वेगळी ठेवावी, एक ५ ची तर दुसरी ८ ची, जमलं तर एक लॅमिनेटेड, म्हणजे पोटात प्लास्टिकचा थर असलेली. दोन्ही सारख्या असल्या की दोघी एकाच सुराला थरथरतात.

उन्हाचं तर मी स्पष्टच सांगतो. साध्या एकेरी काचेतून उन्हाची ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत येते, साध्या डबल काचेतून ७० च्या आसपास. म्हणजे थेट ऊन पडणाऱ्या खिडकीत साधी डबल काच लावून पैसे वसूल होत नाहीत. सावलीतल्या, एसीच्या खोलीत तिचा उपयोग मोठा आहे, तिथं बाहेरची उष्णता आत झिरपणं जवळजवळ निम्म्यावर येतं. थेट उन्हासाठी लो-ई, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या बारीक थराची काच लागते, ती मागा. थर आहे का ते तपासायचं तर अंधारात काचेसमोर पेटती काडी धरा. डबल काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. थर असेल तर त्यातल्या एकाचा रंग वेगळा दिसतो. चारही सारखी असली आणि बिलात लो-ई लिहिलं असलं तर दुकानात परत जा.

आणि लो-ई काही छज्ज्याची जागा घेत नाही. मेच्या मध्यात आपल्याकडं शून्य सावली दिवस असतो, दुपारी सूर्य डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेची भिंत सुटते, पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या भाजतात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी दगड-मातीची माळवदं सोडली, त्यांना दोष कोण देईल? पण जाड भिंती आणि लहान खिडक्या गेल्या, त्या जागी पश्चिमेला छताएवढ्या काचा आल्या आणि छज्जा मात्र ‘एलिव्हेशन बिघडतं’ म्हणून कापला गेला. मग लोक काचेला आतून काळी फिल्म चिकटवतात. तिनं काच मध्ये तापते, चौकटीत दडलेला काठ थंड राहतो आणि एका दुपारी काठापासून काटकोनात तडा सुरू होतो. दगड कुणी मारला म्हणून शेजारी भांडणं झालेली मी पाहिली आहेत. बाहेरून चिक किंवा वाळ्याचा पडदा लावा, काच सुरक्षित राहते आणि खोलीही.

फ्लॅटधारकांसाठी एक गोष्ट. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामाचा किंवा दर्जाचा दोष निघाला आणि तुम्ही कळवलं, तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. सील गेलेली काच असो की सिमेंटनं आवळलेली चौकट, कळवा, पण फोनवर नको, लेखी, फोटोसह. खिडकी स्वतः घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पण या सगळ्याला बिल लागतं आणि आमच्या धंद्यातलं बिल म्हणजे बहुतेकदा कच्च्या चिठ्ठीवर ‘खिडकी नग ४’. दोन्ही काचांची जाडी, पोकळी किती, टफन्ड की साधी, लो-ई आहे की नाही, सीलची गॅरंटी किती वर्षं, एवढं बिलावर लिहून घ्या. लिहायला कां-कूं करणाऱ्याकडून माल घेऊ नका.

संपादक साहेब, हीच माहिती आपण खिडक्यांच्या जाहिरातींत छापायची अट घातलीत तर बरं होईल. उत्पन्न थोडं घटेल, ठाऊक आहे. माझंही घटणार आहे. नाव छापू नये ही विनंती, दिवाळीनंतर मला याच दुकानदारांकडून सेक्शन, म्हणजे चौकटीच्या पट्ट्या, उधारीवर उचलायचे आहेत.

आपला,
एक खिडकी फिटर, लातूर